पंचाचा शब्द आणि पोथीचा शब्द

आमच्या वैनगंगाकाठच्या गावांतून हुतुतू खेळला जाई तेव्हा नियमांचे पुस्तक कोणी पाहिलेले नव्हते. राखेने रेघा ओढल्या की मैदान तयार. वाद होई तो बहुधा दमावरून. चढाईवर गेलेल्याचा दम मध्येच तुटला की नाही हे ठरवायला घड्याळ नव्हते, कान होता. आणि तो कान गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा. त्याने 'तुटला' म्हटले की तुटला. ज्याला पटले नाही तो तणतणत पारावर जाऊन बसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येई.

नियमांची पुस्तके आली ती शहरांतून. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. हुतुतूचे नियम १९२३ च्या सुमारास बडोद्यास छापले गेले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ बर्लिनला नेऊन दाखवला. परमुलखात खेळ दाखवायचा तर गावच्या आजोबांचा कान बरोबर नेता येत नाही, पुस्तक नेता येते. आज चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे. 'कबड्डी, कबड्डी' हा घोष अखंड हवा, हेही पुस्तकात आहे. पण तो खंडला की नाही हे अजून पंचच ठरवतो. घड्याळाने दमाचे अर्धेच काम घेतले.

हे सारे आठवायला निमित्त झाली माझी पुतणी. ती पुण्याला नोकरीला असते. गेल्या दिवाळीत ती बालाघाटला आली ती एक जाड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचे फासे घेऊन. खेळाचे नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. पट असलाच तर नावापुरता. एकजण गोष्ट सांगणारा, त्याला मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे. 'मी दार उघडतो,' असे एकाने म्हणायचे, दारामागे काय आहे ते मास्टरने सांगायचे. जमेल की नाही याची शंका असली तर फासा. आमच्या पुतणीने गोष्ट घातली ती लांजीच्या किल्ल्यासारख्या एका पडक्या किल्ल्यात, त्यामुळे घरातली मुले लगेच रंगली.

तिसऱ्या संध्याकाळी भांडण झाले. माझ्या मुलाच्या पात्राने साठ फुटांच्या तटावरून उडी टाकली. पुस्तकाप्रमाणे दर दहा फुटांना एक फासा इजा, म्हणजे सहा फासे. पुतणी म्हणाली, 'खाली खंदकात गाळ आहे, तीनच टाक.' चिरंजीव खूष. पुढे शत्रूचा सरदार त्याच तटावरून कोसळला आणि तिने त्यालाही तीनच फासे लावले. मग मात्र चिरंजीवांना पुस्तक आठवले. 'कुठे लिहिलंय असं, ताई?' ती शांतपणे म्हणाली, 'मघाशी तुला लावलं तेव्हा कुठे लिहिलं होतं?'

तिचे मला पटले. एक मात्र खटकले. मास्टर पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतो, आकडा कोणाला दिसत नाही. आमचा गावचा पंच उघड्यावर उभा असे. मी तसे म्हणालो, तर ती म्हणाली, 'काका, गोष्टीत पुढं काय दडलंय ते त्यांना कळलं तर खेळ कसला?'

तिच्या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धखेळाचे नियम छापले. नकाशा, फासे, हानीची कोष्टके आणि दोन पक्षांमध्ये एक पंच. शत्रू कुठे आहे हे खेळणाऱ्याला दिसू नये म्हणून सारे पंचाला ठाऊक. पण कोष्टके इतकी की खेळ रेंगाळे. मग १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनानीने सांगितले की कोष्टके बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. अडचण उघड आहे. अनुभवी पंच प्रत्येक छावणीत आणायचा कुठून? अमेरिकन खेळातही हेच हेलकावे दिसतात. १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात गायगॅक्सने मास्टरचा शब्द लिखित नियमांच्या वर ठेवला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नियम पुष्कळ बारकाईने बांधले गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा मास्टरच्या निवाड्याला मोकळीक मिळाली.

मी मुख्याध्यापक आहे. पुठ्ठ्याचा आडोसा नसला तरी माझ्याही टेबलावर नियमांची पुस्तके असतात. काही वर्षांपूर्वी त्रैमासिक परीक्षेला नववीतली एक मुलगी पाऊण तास उशिरा आली. नियम अर्ध्या तासाचा. सप्टेंबरचे दिवस, नाल्याला पूर, कमरेपर्यंत भिजलेली. मी तिला बसवले आणि वेळही वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी तीन मुले उशिरा आली, बाजारातून, कोरडी ठणठणीत. 'सर, काल तिला घेतलं, आम्हाला कोणत्या नियमानं नाही?' प्रश्न उद्धट होता, पण प्रश्न होता. त्यांना परत पाठवताना मला वाटले की उत्तर कागदावर असावे. आदेशवहीत लिहिले: पुरामुळे वाट बंद असल्यास, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर, सवलत.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. नाल्यात गुरांना पाणी नव्हते. तरी परीक्षेच्या आठवड्यात पुराचे पाच दाखले आले, शिक्क्यासह! लिहिलेला नियम कोरडा पडत नाही, हे त्या वर्षी सबंध शिक्षककक्षाला कळले. एक सहकारी म्हणाले, 'सर, आता नियमात नाल्याची खोलीही घाला.' मी खोली घातली नाही. ओळ खोडली आणि तिथे लिहिले, 'मुख्याध्यापकांनी प्रत्येक वेळी चौकशी करून ठरवावे, आणि ठरवले ते कारणासह या वहीत लिहावे.' वही आता कार्यालयाबाहेरच्या बाकावर असते. कोणीही उघडून पाहावी.

तिच्यात आजवर एकोणीस नोंदी झाल्या आहेत. मुले ती वाचतात, आणि जुन्या नोंदींचे क्रमांक सांगत माझ्याशी वाद घालतात. यंदा दोन अर्ज आले. एक मान्य केला, दुसरा नाही. दुसऱ्याचे वडील सातवी नोंद उतरवून घेऊन गेले आहेत. सोमवारी भेटायला येणार आहेत.