दुचाकीवरील वाटाड्या

वाट विचारण्याची व सांगण्याची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. कालिदासाच्या यक्षानें मेघाला अलकेचा मार्ग सांगितला तो केवळ नद्यांची व नगरांची यादी देऊन नव्हे. वाट थोडी वांकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्यावांचून पुढें जाऊं नकोस, असेंही त्यानें मेघास बजावलें. वाटाड्या कसा असावा याविषयींचें आमचें मत हें काव्य शिकवितां शिकवितांच बनलें. त्याला मार्ग तर ठाऊक असावाच. पण जाणारा कोण आहे, कशानें जात आहे, आणि त्याला घाई आहे कीं नाहीं, हेंही ठाऊक असावें. मोटारसायकलसाठीं जी. पी. एस. यंत्र निवडण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आमच्यावर आला, तेव्हां हीच कसोटी आम्हांस उपयोगी पडली.

पुण्याहून कोंकणांत कुलदेवतेच्या दर्शनास आम्ही उभयतां दरसाल आमच्या साडेतीनशें सी. सी.च्या मोटारसायकलवरूनच जातों. साठी उलटल्यावर हें साहस चिरंजीवांस रुचेनासें झालें. घाटांत दरड कोसळली कीं नेहमींचा रस्ता सोडून आडवाट धरावी लागते, आणि दुहेरी भिंगांच्या चष्म्यांतून तिन्हीसांजेच्या वेळीं पाट्या आतां वाचवत नाहींत, हें त्यांस माहीत होतें. "बाबा, एक तर मोटार करा, नाहीं तर गाडीवर नीट वाट दाखविणारें यंत्र तरी बसवा," असें त्यांनीं निर्वाणीचें सांगितलें. गाडी सोडावी कीं राखावी, असाच तो प्रश्न होता. आम्ही यंत्राच्या शोधास लागलों.

कोणतीही वस्तु घेण्यापूर्वीं तिचें तत्त्व समजून घ्यावें, ही आमची जुनी खोड. जी. पी. एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात व अचूक वेळेचा संकेत सतत पाठवीत असतात. संकेत पोंचण्यास किती वेळ लागला यावरून उपग्रहाचें अंतर निघतें. तीन उपग्रहांवरून स्थान ठरावें. परंतु आपल्या यंत्रांतलें घड्याळ तितकें शुद्ध नसल्यामुळें त्याची चूक काढण्यास चौथाही लागतो. प्रकाशाचा वेग ध्यानांत घेतां, सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक म्हणजे जमिनीवर तीनशें मीटरांची चूक होय! मे २००० पर्यंत तर अमेरिकन सरकार नागरी वापराचा हा संकेत मुद्दाम अशुद्ध करून देत असे. तें बंद झालें तेव्हांपासून गल्लीबोळ ओळखण्याइतकी अचूकता सामान्य माणसाच्या हातीं आली. भारतानेंही १ जुलै २०१३ रोजीं आपल्या स्वतंत्र मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला.

यांत एक मर्म आहे. उपग्रह रस्ता सांगत नाहींत. "तूं येथें आहेस" एवढेंच त्यांच्यामुळें कळतें. रस्ता सांगतो तो यंत्रांतील नकाशा. घाटांत मोबाइलचें नेटवर्क गेलें तरी स्थान कळतच राहतें. नकाशा मात्र आधीं उतरवून ठेवलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा दिसतो. म्हणून मोबाइल वापरा कीं स्वतंत्र यंत्र वापरा, नकाशा घरींच सांठवून घेणें हा पहिला नियम.

मोबाइल कीं स्वतंत्र यंत्र, हा दुसरा प्रश्न. मोबाइल घरचाच असतो, ही त्याची मोठी सोय. परंतु दुपारच्या उन्हांत त्याचा पडदा दिसेनासा होतो, तो तापून बंद पडतो, पावसाचे थेंब पडले कीं ते बोटाचा स्पर्श समजून भलतेंच कांहीं उघडतो. शिवाय ॲपल कंपनीनें सप्टेंबर २०२१ मध्यें स्वतःच जाहीर केलें कीं, मोठ्या मोटारसायकलींच्या एंजिनांच्या थरथरीनें त्यांच्या मोबाइलमधील कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडूं शकते. दुचाकीसाठींच बनविलेल्या यंत्रांत हातमोज्यानें चालणारा पडदा, पाण्यापासून रक्षण व गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्याची सोय असते. तें महाग पडतें. पण वर्षांतून चार लांबचे प्रवास करणाऱ्यानें तेंच घ्यावें. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्यास मोबाइल व थरथर शोषणारा क्लॅम्प पुरे.

आतां बसविण्याविषयीं. आमच्या गाडीचें हँडल बावीस मिलिमीटर जाडीचें. त्यावर बसणारा, रबरी गोळ्याचा क्लॅम्प आम्हीं घेतला. यंत्र कोठें बसवावें हें ओळखीच्या मेकॅनिकच्या गॅरेजमध्यें, प्रत्यक्ष गाडीवर बसून ठरविलें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलें कीं तेहतीस मीटर रस्ता न पाहतांच मागें पडला. साठीनंतर डोळ्यांना जवळून दूर पाहण्यास वेळही अधिक लागतो. म्हणून यंत्र टांकीजवळ न ठेवतां, जितकें पुढें व जितकें उंच ठेवतां येईल तितकें ठेवावें. मात्र वेगमापक झांकूं नये. बसविल्यावर हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून तार ताणते कीं काय तें पाहावें. वीज थेट बॅटरीवरून न घेतां किल्ली फिरविल्यावरच चालूं होणाऱ्या जोडणींतून घ्यावी, म्हणजे रात्रभरांत बॅटरी उतरणार नाहीं; आणि फ्यूज विसरूं नये. क्लॅम्प निखळलाच तर यंत्र रस्त्यावर पडूं नये म्हणून एक दोरी बांधावी. कायद्याचीही आठवण ठेवावी : १ ऑक्टोबर २०२० पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें वाहन चालवितांना मोबाइलचा उपयोग केवळ वाट पाहण्यासाठीं, तोही चित्त विचलित न होईल अशा बेतानेंच करतां येतो.

यंत्रास आपण दुचाकीवर आहोंत हेंही सांगावें लागतें. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर व अटल सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे. मोटारीचा मार्ग मागाल तर तें तुम्हांस तेथेंच नेऊन उभें करील. कांहीं यंत्रांत मुद्दाम वळणावळणाचा रस्ता मागण्याचीही सोय आहे. ती पाहून आम्हांस यक्षाची आठवण झाली.

एवढें सगळें झाल्यावर एक अडचण उरली, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकांत नव्हती. आजवर आमची वाटाडी म्हणजे आमच्या सौभाग्यवती. डावीकडे वळायचें तर डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडे तर उजव्या, थांबायचें तर दोन्हींवर. असा आमचा तीस वर्षांचा संकेत. यंत्र बसल्यावर पहिल्या फेरींत त्या मागें अगदीं स्तब्ध बसून होत्या. घरीं आल्यावर म्हणाल्या, "अहो, आतां मी नुसतें ओझेंच कीं!" हें बोलणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. विचारांतीं आम्हीं यंत्राचा आवाज त्यांच्या शिरस्त्राणांतील ध्वनियंत्रास जोडून दिला. आतां यंत्र त्यांना सांगतें व त्या आमच्या खांद्याला सांगतात. आमचे कान रस्त्यासाठीं मोकळे राहतात, डोळे पडद्याकडे क्वचितच जातात, आणि सांगणाऱ्याच्या मधें एक शहाणें माणूस असतें.

त्या माणसाचें मोल लौकरच कळलें. एका घाटमाथ्यावर यंत्रानें डावी वाट दाखविली. सौभाग्यवतींनीं दोन्हीं खांद्यांवर थाप दिली. रस्त्याकडेला मोळी टेकून एक बाई उभी होती. तिला त्यांनीं विचारलें. ती म्हणाली, "आजी, तिकडं नका जाऊं. मोरी खचलीया. वरच्या अंगानं जावा." आम्ही वरच्या अंगानें गेलों. पडद्यावरील बाण बराच वेळ परत फिरण्याचा आग्रह करीत होता, मग तोही मुकाट्यानें नव्या वाटेस लागला.

यंत्र घेऊं पाहणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच : तें जरूर घ्यावें, घट्ट बसवावें, नकाशा घरूनच भरून न्यावा. पण आपण कोठें आहोंत हें आकाशांतून कळलें तरी पुढची मोरी शाबूत आहे कीं नाहीं हें जमिनीवरच्या माणसालाच ठाऊक असतें. त्याच्यापाशीं गाडी थांबवावयास लाजूं नये.