तिरका किरण

सरळपणाचे आपल्याकडे मोठे कौतुक आहे. नाकासमोर चालणारा माणूस चांगला आणि तिरके बोलणारा वाईट, हे आपण लहानपणीच शिकतो. ‘लेकी बोले सुने लागे’ या कलेत मुरलेल्या बायकांच्या वाड्यात मी वाढलो. पण सरळ आणि तिरके यांतला हिशेबी फरक मला उमगला तो नावे कोरण्याच्या एका दुकानात.

दुकान माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे. पूर्वी भांड्यावर नाव घालणारा कारागीर छिन्नीहातोडी घेऊन टकटक करीत बसे. इथे लेझरचा किरण ते काम करतो. 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर पेटवला. लाकूड आणि ॲक्रिलिक कोरणारा कार्बन डायऑक्साइडचा लेझर 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! धातूसाठी बहुधा फायबर लेझर लागतो. पण कोनाचा कायदा दोघांनाही एकच.

किरण काटकोनात पडला, तर ठिपका गोल आणि तेज एकवटलेले. तो कलला की ठिपका लांबट होतो. 45 अंश कलल्यावर दर जागेच्या वाट्याला सुमारे 71 टक्के तेज येते. 60 अंशांना निम्मेच, कारण ठिपका दुप्पट लांब झालेला असतो. थंडीतले ऊन मवाळ लागते, त्याचे एक कारण हेच. किरणाचे तेज कुठे जात नाही, ते पसरते; आणि रेघ फिकी उमटते. जाड ॲक्रिलिक कापताना तर किरण जरासा कलला तरी कड तिरकी निघते.

मग सरळपणच खरे म्हणावे, तर तसेही नाही. चकचकीत तांब्याच्या पत्र्यावर किरण अगदी सरळ पडला, तर त्याचा बराच भाग आल्या वाटेने परततो आणि यंत्रालाच इजा करू शकतो. म्हणून तिथे जाणता कारागीर किंचित कल ठेवतो.

सर्वांत अवघड म्हणजे गोल भांडे. मधल्या अक्षरावर किरण सरळ पडतो, कडेच्या अक्षरांवर तिरका. शिवाय अंतरही बदलते. म्हणून भांडे हळूहळू फिरवतात. प्रत्येक अक्षर आपल्या पाळीने किरणासमोर येते.

माझ्यापुढे वर्गात साठ मुले बसतात. मधल्या बाकांवर शब्द सरळ पडतो, कडेच्या बाकांवर तो पसरून पोचतो. कडेची रेघ फिकी उमटली की आपण ‘मंद’ असा शेरा मारून मोकळे होतो. वास्तविक धातू तोच असतो. ज्या मुलाने स्वतःला घासूनपुसून चकचकीत केले आहे, त्याला थोडे तिरकेच सांगावे. नाहीतर शब्द आपल्यावरच उलटतो. पण कोपऱ्यातल्या मुलासाठी कल उपयोगाचा नाही. वर्ग काही फिरवता येत नाही. तेव्हा मास्तरांनीच फिरावे, आणि दिवसातून एकदा तरी त्याच्या अगदी समोर उभे राहून त्याला नावाने हाक मारावी.