मूद आणि शेंग

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी जाणवू लागतात. एक, पोट पुढे येते. आणि दुसरी, आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडलेच नाही! पहिलीवर व्यायामाचा उपाय आहे. दुसरीवर मला दिलासा मिळाला तो खगोलशास्त्राकडून. मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कशाला, असे म्हणून हसू नका.

माझ्या वडिलांच्या आयुष्यात १९८२चा गिरणी संप आला. होते-नव्हते ते कोसळले आणि त्यातून ते नव्याने उभे राहिले. माझे काय? वीस वर्षे तोच वर्ग, तोच खडू, तेच समास. आदळणारे काही आलेच नाही, तर आत गाभा तरी कशाचा तयार व्हायचा?

आपली आकाशगंगा ही ताऱ्यांची अफाट तबकडी. तिच्या मधोमध एक फुगवटा आहे. त्याच्या केंद्रापासून आपण सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर. दीर्घिकांच्या या फुगवट्यांची मुख्यतः दोन घराणी. एक, पानात वाढलेल्या भाताच्या मुदीसारखे वाटोळे. दीर्घिका एकमेकींवर आदळून, एकजीव होऊन ते घडतात, असे मानतात. दुसऱ्या घराण्यात आदळआपट नाही. तबकडीतलेच तारे फिरता फिरता मध्यभागी दांड्यासारखे जमतात. तो दांडा वरखाली वाकतो, जाड होतो आणि बाजूने पाहावे तर चक्क भुईमुगाची शेंग!

आपला फुगवटा कोणत्या घराण्यातला? मधली धूळ बराच काळ उत्तर देईना. १९९०च्या दशकात ‘कोबे’ उपग्रहाने अवरक्त प्रकाशात पाहिले, तो फुगवटा पेटीसारखा चौकोनी दिसला. २०१० मध्ये ताऱ्यांच्या अंतरांवरून त्यात चक्क फुलीचा आकार सापडला. म्हणजे मुख्यतः शेंगच. मुदीचा अंश असलाच तर थोडा!

हे वाचले आणि मला बरे वाटले. ताऱ्यांवरून माणसाचा न्याय करू नये, हे मलाही कळते. वडिलांची मूद ती मूदच. तिची सर माझ्या शेंगेला यायची नाही. पण रोजच्या फिरण्यातूनही गाभा घडतो, एवढे तरी आता म्हणता येईल.

दिवाळीत दिवेलागणीनंतर नैऋत्येला क्षितिजाजवळ पाहा. आकाशगंगेचे केंद्र त्याच बाजूला आहे. तिथल्या नक्षत्राला आपल्या पूर्वजांनी नाव दिले आहे ‘मूळ’. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. पण शब्द मात्र नेमका पडला!