दोन गोलरक्षक

आमचा धाकटा नातू तेरा वर्षांखालील एका फुटबॉल संघाचा दुसरा गोलरक्षक आहे. आम्ही कोल्हापूरकर, येथें पेठांपेठांतील तालमींचेहि फुटबॉलचे संघ आहेत, तेव्हां हा खेळ आमच्या घरांत शिरला यांत नवल नाहीं. गेल्या महिन्यांत लागोपाठ तिसरा सामना बाकावर बसून पाहिल्यावर त्यानें घरीं येऊन हातमोजे कपाटावर फेकले आणि तो पानावर बसला नाहीं. शिक्षकांस जाऊन विचारावें असें सूनबाईंचें मत, विचारूं नये असें चिरंजीवांचें. मग सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. कारण शाळेचा संघ आम्हींहि कांहीं वर्षें सांभाळला होता. आम्हीं मुकाट्यानें भात कालवला.

त्याचें कारण जुनें आहे. आमच्या संघांत दोन गोलरक्षक होते. एक उंच व चपळ. त्यालाच आम्हीं सारा हंगाम खेळवला. दुसरा सरावास सर्वांआधीं येई. अंतिम सामन्यांत पहिल्याच्या हातून चेंडू निसटून गोल झाला, तेव्हां संतापाच्या भरांत आम्हीं त्यास तत्क्षणीं बाहेर बोलावलें व दुसऱ्यास आंत धाडलें. हंगामभर बसून राहिलेल्या त्या मुलाचे पाय मैदानावर ठरेनात. त्यानें आणखी दोन गोल खाल्ले. सामना गेला, तो गेलाच. पुढल्या वर्षीं दोघांपैकीं एकहि संघांत आला नाहीं.

आघाडीच्या खेळाडूस दहा मिनिटें या जागीं, दहा त्या जागीं देतां येतात. गोलरक्षकाची जागा एकच, आणि त्याची चूक झांकावयास मागें कोणी नसतें. म्हणून वांटणी आधीं ठरवून दोघांसहि सांगितली पाहिजे. बार्सिलोनानें २०१४-१५ च्या हंगामांत स्पेनची लीग ब्राव्होकडे, आणि तेथील चषक व चॅम्पियन्स लीग टेर स्टेगनकडे सोपवली. तिन्ही स्पर्धा जिंकल्या. उलट २०१४ च्या विश्वचषकांत कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपतां संपतां हॉलंडच्या फान गाल यांनीं सिलेसनला काढून पेनल्टीच्या फटक्यांसाठीं क्रुलला उभें केलें. क्रुलनें दोन फटके अडवले, हॉलंड जिंकलें; परंतु सिलेसनला आधीं कल्पना दिलेली नव्हती, आणि बाहेर येतांना त्यानें बाटलीला लाथ मारली. तो पंचवीस वर्षांचा होता. आमच्या नातवाचे मोजे मग काय मोठे!

अखेर आम्ही शिक्षकांकडे गेलों. नातवास जास्त खेळवा, असें म्हटलें नाहीं. साखळी सामन्यांत पूर्वार्ध एकाचा, उत्तरार्ध दुसऱ्याचा. बदल मध्यंतरांतच, गोल झाला म्हणून नव्हे, एवढेंच सुचवलें. बाद फेरींत जो सरस तो खेळो. स्पर्धा म्हटली कीं तेवढें सोसलें पाहिजे. गृहस्थ तरुण होते. हंसून म्हणाले, "सर, एक सामना हरलों तर पालक मलाच धरतात." तें खोटें नव्हतें, धरणाऱ्यांत आमचे चिरंजीवहि असते. तथापि पुढील दोन सामने तसें करून पाहण्याचें त्यांनीं कबूल केलें.

पहिल्या सामन्यांत नातवानें उत्तरार्धांत दोन गोल खाल्ले व एक अडवला. त्या दोन गोलांविषयीं तो निजेपर्यंत बोलत होता. जेवण मात्र पोटभर झालें, आणि मोजे त्यानें स्वतः धुऊन दोरीवर वाळत घातले.