रोजची काँटेसा

काँटेसाला 'भारताची मसल कार' म्हणायची पद्धत आहे. असं म्हणणाऱ्यांनी ती बहुतेक वेळा फोटोत पाहिलेली असते. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागे संसार मावेल एवढी डिकी. हीच गाडी चार माणसं आणि शंभरेक नारळ घेऊन कार्ले खिंड चढायला लागली की मसल नेमका कुठे आहे ते शोधावं लागतं. मागे एसटी असते, तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून आपलं मत कळवतो.

मुळात ही गाडी ब्रिटिश. व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हीएक्स मॉडेलवरून हिंदुस्तान मोटर्सने ती घेतली आणि १९८४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यातून बाजारात आणली. अंग नवं, पण इंजिन अँबॅसडरचंच बसवलं. १४८९ सीसी, ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास. पैलवानाच्या अंगात कारकुनाचं काळीज. पुढे काही वर्षांनी इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडी तिच्या दिसण्याला जागायला लागली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. आमची गाडी इसुझूच्या आधीची, म्हणजे कारकुनी काळजाची. बाबांनी ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेकंडहँड घेतली. तेव्हापासून ती चौलच्या आमच्या वाडीत नारळ-सुपारीची मालवाहू आहे, लग्नाची वरात आहे आणि हल्ली आठवड्यातून दोनदा मला मांडवा जेट्टीला सोडणारी टॅक्सीही आहे. मी मुंबईतल्या कंपनीसाठी कोड लिहितो. एरवी घरून, त्या दोन दिवशी बोटीने ऑफिसात.

तर प्रश्न इनटेक मॅनिफोल्डचा होता.

ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्ब्युरेटर हवेत पेट्रोल मिसळतो आणि ते मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा जो ओतीव तुकडा असतो, तो इनटेक मॅनिफोल्ड. त्याला हलणारा एकही भाग नाही. तरी अमेरिकेत या निर्जीव लोखंडाभोवती अख्खा उद्योग उभा आहे. व्हिक एडलब्रॉक नावाच्या मेकॅनिकने १९३८ मध्ये फोर्डच्या व्ही-एट इंजिनासाठी स्वतःचा मॅनिफोल्ड बनवला आणि पुढे त्या आडनावाची मोठी कंपनी झाली. तिकडचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहिलेत. त्यातली एक गोष्ट डोक्यात बसली. शर्यतीच्या गाडीचा मॅनिफोल्ड वेगळा आणि रोजच्या गाडीचा वेगळा. आखूड, रुंद नळ्या वरच्या आरपीएमला भरपूर हवा देतात. खालच्या आरपीएमला मात्र त्यांच्यात हवा रेंगाळते, पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटतात आणि गाडी अडखळते. लांब, बेताच्या जाडीच्या नळ्यांत हवेचा वेग टिकतो. जो माणूस रोज चोंढी नाक्यावर रिक्षा, म्हशी आणि पुण्या-मुंबईच्या एसयूव्ही यांच्यामधून दुसऱ्या गिअरमध्ये वाट काढतो, त्याला सहा हजार आरपीएमचा आकडा काय कामाचा? त्याला हवी दीड-दोन हजारांवर एकसारखी ओढ.

आमच्या इंजिनात आणखी एक गंमत आहे. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार वर्षांत मला एवढी मजेदार गोष्ट कुणी शिकवली नाही. (मी कॉम्प्युटरचा, त्यामुळे कॉलेजला दोष नको.) सिलिंडर चार, पण हेडमध्ये हवा आत यायची दारं दोनच. एक आणि दोन नंबरला मिळून एक दार, तीन आणि चारला मिळून दुसरं. सयामी जुळ्यांवरून अशा दारांना सयामी पोर्ट म्हणतात. स्फोटांचा क्रम एक-तीन-चार-दोन. म्हणजे दोनने हवा ओढली की लगेच त्याच दारातून एक ओढतो. तिकडे तीननंतर लगेच चार. दोन नंबरचा व्हॉल्व्ह पुरता बंद व्हायच्या आत एक नंबर हात घालतो. ताटावर दोन भाऊ बसलेत, पहिल्याचा घास तोंडात जायच्या आत दुसरा भाजी ओढून घेतो. नंतर बराच वेळ त्या ताटाकडे कुणीच फिरकत नाही, आणि पुन्हा तेच. त्यात या दोन्ही ताटांना वाढणारा कार्ब्युरेटर एकच, मधोमध बसलेला.

आमचे मिस्त्रीकाका अलिबागला असतात. साठी ओलांडलेले, अँबॅसडरवर आयुष्य काढलेले. त्यांनी चारही प्लग काढून बॉनेटवर ओळीने मांडले. दोन खाकी, एक पांढुरका, एक काळपट.

"बघ," ते म्हणाले, "एकाच घरातली चार पोरं."

पांढुरका प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. यामागे नवं इंधनही होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे पोचलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला नऊच भाग पुरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. आजच्या गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर हे आपोआप करतात. आमच्या गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे मिस्त्रीकाकांच्या खिशातला पाना.

दुसरं दुखणं उष्णतेचं. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकाला एक लागून. इंग्लंडच्या थंडीत ही सोय होती, पेट्रोलची वाफ नीट व्हायची. मे महिन्यात मांडव्याला रो-रोच्या रांगेत वीस मिनिटं इंजिन बंद करून उभं राहिलं की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागायचं. मग बोट लागली, पुढच्या गाड्या हलल्या, आणि आमची नुसती खाकरते आहे. बाबांनी बॉनेटवर ओला पंचा टाकायचा आणि जेट्टीवरच्या पोरांनी व्हिडिओ काढायचा, हा ठरलेला कार्यक्रम.

उपाय माझ्या मते सत्तर वर्षांपूर्वीच निघालेला होता. याच १४८९ सीसीच्या इंजिनावर ब्रिटिशांनी १९५५ मध्ये एमजीए ही स्पोर्ट्स कार काढली होती. तिची ताकद ६८ हॉर्सपॉवर, थोड्याच काळात ७२. इंजिनाचा सांगाडा तोच. फरक कॅमशाफ्टमध्ये, कॉम्प्रेशनमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये. तिला ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणि दोन एसयू कार्ब्युरेटर होते, प्रत्येक दाराला स्वतंत्र. जुळ्यांची भांडणं त्याने मिटत नाहीत, ती हेडमध्येच ओतलेली आहेत. पण निदान दोन ताटांना दोन वाढपी मिळतात, आणि मधली एक बारीक नळी दोघांमधला दाब सारखा ठेवते. इंग्लंडमध्ये या गाड्यांचे सुटे भाग आजही विकले जातात. मी वापरलेला एक संच शोधला. कस्टम धरून किंमत अर्ध्या पगाराच्या वर गेली.

बाबांचा ठाम विरोध. "आरटीओत काय सांगणार?" हा पहिला प्रश्न. रास्त होता. जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट निकाल दिलाय: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र जुळणार नाही असा बदल करता येत नाही. म्हणूनच इंजिन बदलून टाकायचा मित्रांचा सल्ला मी ऐकला नाही. इंजिन नंबर, सीसी, इंधन, चाकं, बॉडी सगळं जसंच्या तसं राहणार होतं, आणि पीयूसीच्या यंत्रापुढे गाडी आताच्यापेक्षा बरी ठरेल असा माझा अंदाज होता. बाबांचं खरं कारण वेगळं होतं. "आहे ते चांगलं चाललंय," ओला पंचा दोरीवर वाळत घालता घालता ते म्हणाले.

त्याच सुमारास किहीमला बंगला असलेले मुंबईचे एक गृहस्थ घरी आले. मांडव्याला गाडी पाहून पत्ता काढलेला. अतिशय सभ्य. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डिकीतली सुपारीची टरफलं स्वतःच्या हाताने बाजूला केली आणि एक आकडा सांगितला. आकडा ऐकून आई चहा ठेवायला आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. अट एकच. गाडी पूर्ण ओरिजिनल हवी, काहीही बदललेलं नको. ते तिला शेडमध्ये ठेवणार होते, एसी लावून. वर्षातून दोनदा रॅलीला काढणार.

"आणि एरवी?" बाबांनी विचारलं.

"एरवी कव्हर घालून. इथल्या खाऱ्या हवेत मेटल टिकत नाही, काका."

हे खरं आहे. आमच्याकडे लोखंडाला आयुष्य कमीच. पण आमच्या आळीतल्या तीन वाड्या गेल्या दहा वर्षांत अशाच सभ्य माणसांनी घेतल्यात. माडांना खाली दिवे लावलेत, गवत कापलेलं असतं, आणि नारळ काढायला कुणी येत नाही. बाबा त्याबद्दल कधी बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. गृहस्थांना फाटकापर्यंत सोडून आले आणि मला म्हणाले, "ते इंग्लंडचं पार्सल किती दिवसांत येतं?"

मला त्या पैशांचा मोह झाला नाही असं नाही. घराच्या छपराचं काम राहिलंय, आणि ॲपवर बुक केली की टॅक्सी मांडव्यालाही येते. पण गाडी बाबांची होती.

काम चार दिवस चाललं. पहिला दिवस नुसता स्टड सोडवण्यात गेला. गॅसने तापवायचे, मेणबत्तीचं मेण लावायचं, ते वितळून आट्यांत उतरलं की हळूच फिरवायचे. एक तुटलाच, तो ड्रिल करून काढावा लागला. मग कळलं की या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच स्टडवर, एकाच जाड वॉशरखाली दाबले जातात. दोघांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर एक घट्ट बसतो आणि दुसरा सैल राहून हवा खातो. नवा मॅनिफोल्ड जवळपास एक मिलिमीटर जाड निघाला. लेथवाल्याकडून वॉशरांना पायरी काढून आणली. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये हायलमचे जाड तुकडे बसवले, म्हणजे उष्णता वर चढत नाही. खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडोशी. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलने फुगतात, तेही सगळे बदलले.

एसयू कार्ब्युरेटर मला फार आवडतो. हवेची मागणी वाढली की आतला पिस्टन आपसूक वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलची वाट तेवढीच मोठी होते. बनवणाऱ्या स्किनर बंधूंचं घराणं बुटांच्या व्यापारातलं. पहिल्या कार्ब्युरेटरात त्यांनी पिस्टनऐवजी चामड्याचा भाता वापरला होता. जेटखालचा नट खाली फिरवला की पेट्रोल वाढतं. इथेनॉलचा हिशोब त्या नटावरच चुकता करायचा. पिस्टन मिलिमीटरभर उचलून पाहायचं. इंजिन बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी, पळत सुटलं तर जास्त, किंचित चढून जागेवर आलं तर बरोबर.

अवघड भाग दोघांना जुळवणं. दोन्ही कार्ब्युरेटरांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. मी त्यासाठी मीटर मागवायच्या तयारीत होतो. मिस्त्रीकाकांनी गवंड्याच्या लेव्हलच्या नळीचा हातभर तुकडा कापला, एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं बाबांच्या हातात दिलं.

"मला आता वरचे आवाज ऐकू येत नाहीत. तुम्ही ऐका, दादा."

बाबांनी नळी कानाला लावली. आधी पुढचा, मग मागचा. परत पुढचा. चेहऱ्यावर पोथी वाचतानाचं गांभीर्य. "पुढचा जास्त फुसफुसतोय." काकांनी स्क्रू पाव फेरा सोडला. "अजून." पुन्हा थोडा. मी मध्ये नळी घेऊन ऐकून पाहिलं, मला दोन्ही सारखेच वाटले. बाबांना वाटत नव्हते. अर्धा तास हे चाललं, आणि मग इंजिनाचा आवाज बदलला. तो बदल मलाही कळला. गाडीचं ते कायमचं थरथरणं थांबलं. बॉनेटवर ठेवलेला चहाचा ग्लास जागेवर उभा राहिला.

ताकद किती वाढली ते मोजलेलं नाही. एमजीएचा कॅमशाफ्ट नाही, कॉम्प्रेशन नाही, त्यामुळे ७२ चा आकडा आमच्या वाट्याला येणार नाही. पण कार्ले खिंडीत पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे आता तिसऱ्यात निघते, नारळांसकट. महिनाभराने प्लग काढले तर चारही खाकी, एक नंबर किंचित फिकट. जुळ्यांचं भांडण, ते राहणारच. पावसाळ्याच्या तोंडावर जुळवणी बिघडली, तेव्हा बाबांनी नळी घेऊन स्वतःच ती सुधारली. मिस्त्रीकाकांना फोनसुद्धा केला नाही.

त्या गृहस्थांचा दिवाळीत पुन्हा फोन आला. बाबांनी त्यांना सगळं तपशीलवार सांगितलं: दोन कार्ब्युरेटर, हायलम, लेथचे वॉशर. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं की जुना मॅनिफोल्ड सांभाळून ठेवलाय का.

"आहे की," बाबा म्हणाले. "पडवीत आहे. झापाचे भारे वाऱ्याने उडतात, त्यावर वजन म्हणून ठेवलाय."