एका हाताचा नमस्कार

आमच्या तालुक्याच्या फौजदारी कोर्टात मी चाळीस वर्षे वकिली केली. पट्टेवाल्याचा पुकारा, थंड झालेला चहा आणि तुरुंगाच्या गाडीची वाट पाहणे, यांतच निम्मा जन्म गेला. गाडी यायचीच असे नाही. ‘बंदोबस्ताअभावी आरोपी हजर नाही’ एवढा शेरा पडला की पुढची तारीख!

म्हणून पडदा आला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घेण्यास मुभा दिली. आरोपीच्या समक्ष म्हणजे एकाच खोलीत असे नव्हे, हा त्यातला मुद्दा मी ज्युनिअरांना किती वेळा ऐकवला असेल! पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्षच आणावे लागते. न्यायालयीन कोठडी मात्र पडद्यावरून वाढवता येते. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेने तर साक्षीपुराव्यालाही हे दार उघडून दिले.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझ्या एका अशिलाची आई पहाटेच्या एसटीने फराळाचा डबा घेऊन आली.

“वकीलसाहेब, गाडी कधी येणार?”

“गाडी नाही येणार, मावशी. आज तो पडद्यावर दिसेल.”

ती दारापाशी उभी राहिली. पडद्यावर पोरगा दिसला, छातीपर्यंत. न्यायाधीशांनी विचारले, “काही तक्रार?” त्याने मान हलवली, “नाही साहेब.” अर्ध्या मिनिटात कोठडी वाढली. मी कागद आवरू लागलो.

मावशीने माझी बाही धरली. “त्यानं साहेबांना एका हातानं नमस्कार केला. असा जन्मात केला नाही त्यानं. दुसऱ्या हाताला काहीतरी झालंय.”

मी तिथेच अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याला समक्ष आणले. डावा हात कोपरापासून सुजला होता. वैद्यकीय तपासणीचा हुकूम झाला.

“काल का बोलला नाहीस रे?” मी विचारले.

“माझ्या शेजारी कोण उभं होतं, ते तुम्हाला कुठं दिसत होतं?”

यंत्राला मी नावे ठेवीत नाही. चुकलेल्या तारखांचा हिशेब मला पाठ आहे. पण माझे डोळे कागदावर होते आणि तिचे पोरावर, हे कसे विसरू? आता पडद्यावर माझा अशील आला, की न्यायाधीशांची परवानगी घेऊन मी पहिले वाक्य एकच म्हणतो:

“दोन्ही हात दाखव, बाबा.”