आधी वारा, मग विस्तव

2019 च्या ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना आम्ही ग्रँड कॅनियन पाहिलं. भाड्यानं घेतलेली गाडी म्हणजे चाकांवरचं घरच! ओटा, बिछाने, प्रोपेन गॅसवरचा हीटर. मुक्काम दक्षिण काठावरच्या मॅथर तळावर. उंची सुमारे 7,000 फूट, आणि गाड्यांना विजेची जोडणी नाही.

दिवसभर दरी पाहून डोळे निवले. रात्री पारा शून्याजवळ आला नि हीटर रुसला. पंखा फिरे, पण हवा गारच. गॅस भरपूर होता, शेगडी पेटत होती. नात कुडकुडू लागली. ही म्हणाली, "शेगडीच ठेवूया की रात्रभर!" मुलगा ओरडलाच, "नको आई! बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. वास येत नाही, झोपेतच जीव जातो."

सूनबाई धारवाडची. दिवे मंदावलेले तिनंच हेरले. "मामा, मोदलु गाळी, आमेले बेंकी!"

खरंच होतं. पंख्याचा वारा पुरेसा लागला, की आतली छोटी पट्टी ढकलली जाते. मगच गॅस सुटतो नि ठिणगी पडते. बॅटरी उतरल्यानं वाराच कमी पडत होता.

दिवे मालवले, थोडा वेळ इंजिन चालवलं. पंख्याचा आवाज चढला, भक्कन जाळ धरला. नात झोपली.

मला आज्जीची फुंकणी आठवली. चुलीत लाकडं कितीही असोत, आधी वारा लागतो, हे तिला ठाऊकच होतं.